डिझेलला रीमॅप, गिअरबॉक्स मात्र कंपनीचाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम क्लच आणि गिअरबॉक्सचं, तेही तुर्भ्यात. एका बाजूला एपीएमसीचे पिकअप, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रोडवरून येणाऱ्या फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, व्ही-क्रॉस. इंजिनाची ताकद वाढवून देणारे वेगळे लोक आहेत. ती ताकद जिथे अडते, तो डबा आमच्या टेबलावर उघडतो. त्यामुळे खालची उत्तरं थोडी गिअरबॉक्सच्या बाजूने झुकलेली वाटतील. तशी ती आहेतच.

रीमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स यांत फरक काय?

रीमॅपमध्ये ईसीयूतलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं, मूळ सॉफ्टवेअर वाचून बदललं जातं: किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, किती होऊ द्यायचा. हे काम ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर लावायच्या जागेतून) होतं, काही गाड्यांत ईसीयू काढून टेबलावर करावं लागतं.

बॉक्स सॉफ्टवेअरला हात लावत नाही. इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी म्हणजे कॉमन रेल; तो तिच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की दाब कमी आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, त्याच वेळात जास्त डिझेल आत जातं, गाडी उचलते. बॉक्स काढला की गाडी पूर्वीसारखी, म्हणून लोकांना तो निर्धोक वाटतो. ऑटोमॅटिक गाडीत मात्र याच खोटेपणाची किंमत मोजावी लागते. ते पुढे येईलच.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स किती झेलेल, हे कळणार कसं?

कंपनी हा आकडा माहितीपत्रकात छापत नाही. पण दुसरे दोन आकडे शेजारी शेजारी छापते, आणि ते नीट वाचले तर बरंच काही कळतं.

फॉर्च्युनरचं २.८ लिटर इंजिन घ्या, २०२१ नंतरचं. ऑटोमॅटिक घ्या की मॅन्युअल, ताकद २०४ पीएसच (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). टॉर्क मात्र ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२०. हायलक्समध्येही तसंच. स्कॉर्पिओ-एनचं १७५ पीएसचं डिझेल मॅन्युअलमध्ये ३७० आणि ऑटोमॅटिकमध्ये ४०० देतं. एक्सयूव्ही ७०० मध्ये ४२० आणि ४५०. इंजिन तेच असताना मॅन्युअलला कमी का? इंजिनाला जमत होतंच, पुढच्या क्लच-गिअरबॉक्सच्या साखळीसाठी आकडा खाली धरला. टोयोटाने जे ८० न्यूटन-मीटर स्वतःहून मागे ठेवले, ते तुम्ही लॅपटॉप लावून परत मिळवता, आणि क्लच प्लेट तीच राहते.

काही गिअरबॉक्सच्या तर नावातच क्षमता असते. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी४५ आणि ८एचपी७० मध्ये शेवटचे आकडे अनुक्रमे ४५० आणि ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग दाखवतात. टाटाच्या ट्रकमधला जी ९५० सुद्धा त्याच पद्धतीचा. आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे, त्याचं नाव काढा आणि तोच गिअरबॉक्स कंपनीने आणखी कोणत्या जास्त टॉर्कच्या मॉडेलमध्ये वापरलाय का ते बघा. वापरला असेल तर तुमच्याकडे थोडी जागा आहे. तोच तुमच्या गाडीत सर्वांत जास्त टॉर्कवर चालत असेल, तर जागा आहे असं धरून चालू नका.

ट्यूनरवाला म्हणतो ४० पीएस वाढतील. त्याला काय विचारू?

पीएस सोडा, टॉर्कचा आलेख मागा. क्लचला आणि गिअरबॉक्सला पीएस कळत नाही, त्यांना पीळ कळतो.

हिशोब सोपा आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०००, की पीएस येतो. १६०० आरपीएमला ५०० न्यूटन-मीटर म्हणजे फक्त ११४ पीएस. ३४०० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास १९५. कागदावर दुसरा आकडा भारी दिसतो, पण गिअरबॉक्सचा जीव जातो पहिल्याने. डिझेलला खालच्या आरपीएमला एकदम धक्का देणारा मॅप चालवायला मजेशीर असतो, कॉलनीच्या गेटपासून मेन रोडपर्यंतच माणूस खूश होतो. चांगला ट्यूनर २००० आरपीएमच्या खाली टॉर्क हळूहळू चढवतो, माथ्यावर कापतो आणि वाढ वरच्या आरपीएमला देतो. डायनोचा (ताकद मोजायच्या रोलर यंत्राचा) मूळ आणि बदललेला आलेख एका कागदावर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी घेऊन घरी या.

मॅन्युअल गाडीत आधी काय जातं?

क्लच. तोच आधी जावा, कारण तो सगळ्यांत स्वस्त आहे.

क्लच प्लेट प्रेशर प्लेटच्या दाबाने फ्लायव्हीलला चिकटून राहते. ती किती टॉर्क धरेल हे तीन गोष्टींवर ठरतं: दाब, प्लेटचा व्यास आणि घर्षण. कंपनी यात थोडी जादा क्षमता ठेवते, पण ती नव्या प्लेटची असते. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तासभर हाफ क्लचवर लोंबकळलेली प्लेट आधीच गरम होऊन काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर २० ते २५ टक्के जास्त टॉर्क आला की ती धरत नाही.

दुसरं जातं ते ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील, ज्यांच्या गाडीत आहे त्यांचं. आतल्या स्प्रिंगा डिझेलचे झटके गिळतात. वरच्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमला पाय पूर्ण दाबायची सवय असेल, तर त्या स्प्रिंगा दरवेळी टोकापर्यंत दबतात. इंजिन बंद करताना खडखड, न्यूट्रलमध्ये खुळखुळ असे आवाज येऊ लागतात. बिल क्लच सेटपेक्षा बरंच मोठं येतं, आणि ते काम क्लच सोबत करावं लागतं, कारण गिअरबॉक्स दोन्हींसाठी उतरवायचाच असतो.

क्लच घसरतोय हे घरच्या घरी कसं बघू?

पाम बीच रोडसारख्या सरळ, पण मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला गाडी स्थिर ठेवा आणि पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग सोबत चढले पाहिजेत. काटा उडी मारून पुढे गेला आणि गाडी मागे राहिली, म्हणजे प्लेट स्लिप मारतेय. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे दिसत नाही, तिथे गाडी सहज पळते म्हणून प्लेटवर पूर्ण ताण येतच नाही. ही परीक्षा रीमॅपच्या आधी करा. कंपनीच्या मूळ सेटिंगवरच घसरत असेल तर ट्यूनरकडे जायच्या आधी आमच्याकडे या.

हेवी ड्यूटी क्लच टाकला की प्रश्न संपला?

क्लचचा संपला. पेडल जड होईल, ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोलेल. आणि आधी जो जास्तीचा टॉर्क प्लेट घसरून वाया जात होता, तो आता पूर्णच्या पूर्ण गिअरच्या दातांवर, बेअरिंगवर, प्रोपेलर शाफ्टवर जाईल. फोर बाय फोर लो लावून चिखलातून ओढणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा.

ऑटोमॅटिकचं काय? त्यात क्लचच नाही ना?

उलट भरपूर क्लच आहेत, फक्त तेलात बुडालेले. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक गिअर म्हणजे दोन-तीन क्लच पॅकची जोडणी असते. हे पॅक तेलाच्या दाबाने आवळले जातात. दाब किती द्यायचा हे ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला इंजिनाचा टॉर्क मोजता येत नाही. ईसीयू जो आकडा कळवतो, त्यावर तो विश्वास ठेवतो.

आता बॉक्सचा खोटेपणा आठवा. ईसीयूला वाटतंय दाब नेहमीचा आहे, म्हणजे टॉर्क ३६०. प्रत्यक्षात इंजिन ४५० देतंय. ट्रान्समिशन ३६० च्या हिशोबाने पॅक आवळतं, पॅक थोडे घसरतात. दरवेळी सेकंदाचा काही भाग, पण दर शिफ्टला. चालवणाऱ्याला वाटतं शिफ्ट किती मऊ झाली! ती मऊ शिफ्ट म्हणजे पॅकच्या प्लेटांवरचा घर्षणाचा कागदी थर जळणं. तेल काढलं की काळं आणि करपलेल्या वासाचं निघतं.

रीमॅपमध्ये हे टाळता येतं, पण ट्यूनरने टॉर्कचं मॉडेल, म्हणजे ईसीयूचा टॉर्कचा हिशोब, खरा ठेवला तरच. काही जण ईसीयूला टॉर्क मर्यादेच्या आत असल्याचं दाखवून कंपनीची मर्यादा चुकवतात. मग रीमॅप असूनही परिणाम बॉक्सचाच होतो. नीट काम म्हणजे ईसीयूसोबत ट्रान्समिशनचं सॉफ्टवेअरही बदलणं: लाइन प्रेशर (पॅक आवळणाऱ्या तेलाचा दाब), शिफ्टच्या वेळी टॉर्क किती कापायचा, लॉक-अप कधी लावायचं. 'दोन्ही करता का?' हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा.

आणखी एक जागा आहे, कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच. गाडी उभी असताना कन्व्हर्टर टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवून देतो, वेग आला की लॉक-अप लागून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. बहुतेक गाड्यांत हा लॉक-अप फार मोठा नसतो. अटल सेतूवर शंभरच्या वेगाने, कमी आरपीएमला शांत चाललेली गाडी, तुम्ही अर्धा पाय दाबला, लॉक-अप सुटला नाही आणि टॉर्क एकदम आला, तर तो थरथरतो. रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक कंपनं येतात. लोक टायर बॅलन्सिंगला पैसे घालवतात आणि मग आमच्याकडे येतात.

ऑटोमॅटिकचं तेल 'लाइफटाइम' आहे म्हणतात. बदलायचं का?

ट्यून केलेल्या गाडीत तर नक्कीच. स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायची सवय लावा. ८० ते ९५ अंश सेल्सियस नेहमीचं, १२० च्या वर सतत जात असेल तर तेल झपाट्याने मरतंय. जुना ठोकताळा असा की दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडचा मे महिना, मुंब्रा बायपासवरचा जाम आणि मागे भरलेली डिकी यांत तापमान सहज चढतं, ट्यून असो वा नसो. जादा ऑइल कूलर हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं.

अमेरिकेतले लोक तर डिझेल पिकअपची ताकद दुप्पट करतात. मग आपण का घाबरायचं?

त्यांनी गिअरबॉक्स फोडूनच हे शिकलंय. डॉज रॅम पिकअपमध्ये ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन आलं १९८९ च्या मॉडेलपासून. पुढे २००१ च्या सुमारास त्याची दोन रूपं होती: ऑटोमॅटिकसोबत ४६० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ६२५ न्यूटन-मीटर, आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत ५०५, म्हणजे सुमारे ६८५. आपल्या फॉर्च्युनरच्या उलट! तिथे कमजोर दुवा होता ऑटोमॅटिक. त्या ४७आरई गिअरबॉक्सचा कन्व्हर्टरमधला लॉक-अप एका प्लेटचा, आणि लाइन प्रेशर थ्रॉटलच्या केबलवर चालणारं. बॉक्स लावला की लॉक-अप घसरायचा. उपाय म्हणून त्यांनी तीन प्लेटचे कन्व्हर्टर, बदललेल्या व्हॉल्व्ह बॉडी, मजबूत शाफ्ट बनवले, आणि त्यावर एक बाजारच उभा राहिला.

जनरल मोटर्सने २००१ पासून आपल्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला अॅलिसन १००० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडला. तो स्वतःचा बचाव करतो. आतल्या शाफ्टचे वेग ताडून बघतो, घसरण दिसली की लिम्प मोडमध्ये (बचावाच्या मोडमध्ये) जातो आणि एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. मालक वैतागतो, पण गिअरबॉक्स वाचतो.

आपल्याकडे फॉर्च्युनर किंवा व्ही-क्रॉससाठी असा मजबूत कन्व्हर्टर दुकानात मिळत नाही. बाहेरून मागवावा लागतो, ड्यूटी भरावी लागते, आणि तो बसवून ट्रान्समिशनचं सॉफ्टवेअर जुळवणारा माणूस शोधावा लागतो. तिकडचे व्हिडिओ बघताना गाडीखाली काय काय बदललंय ते आधी ऐका.

माझा पिकअप एपीएमसीत माल आणतो. थोडी ताकद हवी आहे. करू का?

नको, आणि याचं कारण सांगतो. नाशिककडून कांदा घेऊन येणारी गाडी कसारा घाट भरलेली उतरते आणि रिकामी चढते. तिला चढाला ताकद लागतच नाही, लागतात ते ब्रेक आणि इंजिन ब्रेकिंग. याउलट कळंबोलीहून लोखंड घेऊन पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट भरलेली चढते. तिथे क्लच आणि गिअरबॉक्स सलग बराच वेळ पूर्ण टॉर्कवर असतात. खासगी गाडी पूर्ण पाय दाबते काही सेकंद, मालगाडी दाबते मिनिटांच्या हिशोबात. उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

आणि खरं बोलायचं तर बहुतेक वेळा ताकदीची तक्रार ही ओव्हरलोडची तक्रार असते. त्याचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर दर जादा टनाला दोन हजार. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप, ब्रेक चिकटतायत का हे तपासा. दम कमी झालेली गाडी यातूनच पुष्कळदा परत मिळते. स्पीड गव्हर्नर सॉफ्टवेअरने काढून देतो म्हणणारे भेटतील. व्यावसायिक गाडीला ऐंशीची मर्यादा नियमाने आहे, पासिंगला अडकाल.

दहा टायरी ट्रकला?

वर सांगितलेला जी ९५० घ्या. साडेनऊशे न्यूटन-मीटरचं इंजिन आणि साडेनऊशेचा गिअरबॉक्स, म्हणजे कंपनीने काठोकाठ जोडी लावली आहे. त्यावर मॅप करणं म्हणजे रस्त्याच्या कडेला गिअरबॉक्स उतरवायची तयारी.

डीएसजी आणि एएमटी?

डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच क्लच, पाय यंत्राचा. नियम वरचेच. कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीची क्षमता २५० न्यूटन-मीटर, आणि रॅपिड-व्हेंटोचं १.५ डिझेल कंपनीतूनच २५० देत होतं. उत्तर मिळालं असेल.

मायलेज वाढतं?

तोच रस्ता, तोच वेग, हलका पाय, तर थोडंफार. पण पाय हलका राहतो कुणाचा? बॉक्सवाल्यांनी डॅशबोर्डवरचा आकडा दाखवला तर हसून सोडून द्या. ईसीयूला जास्तीचं डिझेल माहीतच नाही, त्यामुळे स्क्रीन नेहमी चांगलंच मायलेज दाखवते. टाकी फुल ते टाकी फुल मोजा.

आरटीओ काही बोलेल का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतली मूळ माहिती बदलेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. नाक्यावरचा हवालदार ईसीयू वाचत नाही हे खरं. काळा धूर मात्र त्याला लांबून दिसतो, आणि प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत असून लायसनही तीन महिने जाऊ शकतं.

ट्यूनर म्हणतो ईजीआर आणि डीपीएफही बंद करून देतो.

ईजीआर धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवतं, डीपीएफ धुरातली काजळी गाळतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत हे करू नका. सरळ बेकायदा आहे आणि मागच्या रिक्षावाल्याच्या फुप्फुसाचा विचार करा. अमेरिकेतही असल्या किट विकणाऱ्यांवर तिथल्या पर्यावरण खात्याने मोठे दंड लावले आहेत.

वॉरंटी आणि विमा?

वॉरंटी गेली असं धरा. बऱ्याच ईसीयूत सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी राहते, मूळ फाइल परत टाकली तरी. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकतो. कळवून बघा, काही वेळा जादा हप्ता घेतात, काही वेळा साफ नाही म्हणतात. ते 'नाही' लेखी घ्या आणि मगच ठरवा.

एवढं ऐकूनही करायचंच आहे. मग कसं?

मॅन्युअल असेल तर क्लचची परीक्षा आधी. ऑटोमॅटिक असेल तर तेल बदला आणि जुन्या तेलाचा रंग, वास स्वतः बघा. काळं निघालं तर तिथेच थांबा. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे मागून घ्या. टॉर्कची वाढ पंधरा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगा. ऑटोमॅटिकला मर्यादा कंपनीच्याच गिअरबॉक्सच्या क्षमतेची, आणि ट्रान्समिशनचं सॉफ्टवेअर सोबत झालंच पाहिजे. बॉक्स फक्त मॅन्युअलला, तोही सर्वांत खालच्या सेटिंगवर.

मग चालवण्याचं. क्लचच्या परीक्षेपुरतं सोडलं तर १८०० आरपीएमच्या खाली पाय पूर्ण दाबू नका, आधी एक गिअर खाली घ्या. ऑटोमॅटिकमध्ये घाटाला मॅन्युअल मोडने गिअर धरून ठेवा, म्हणजे गाडी सारखी वर-खाली गिअर बदलत बसणार नाही. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर द्यायची हौस नको. त्या काही सेकंदांत कन्व्हर्टरमधली सगळी ताकद तेल उकळण्यात जाते.

जुनी गाडी घेतोय. आधीच्या मालकाने ट्यून केली होती का, कसं ओळखू?

मालक सहसा सांगत नाही. रेल सेन्सरच्या आणि टर्बो सेन्सरच्या कनेक्टरवर ओरखडे, नवी टेप, जादा क्लिप दिसतायत का बघा. बॉक्स काढला तरी या खुणा राहतात. ईसीयूच्या बोल्टवर पान्याचे व्रण असतील तर तो कधीतरी टेबलावर गेला आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअरचा नंबर ताडून घेता येतो. थोड्याच किलोमीटरच्या गाडीत नवा क्लच सेट पडलेला असेल तर का, ते विचारा.

मग चालवून बघा. मॅन्युअलमध्ये वरची पाचव्या गिअरची परीक्षा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन पूर्ण गरम झाल्यावर डी आणि आर मध्ये टाका. टाकल्यापासून गाडी धरेपर्यंत एखादा सेकंद ठीक, त्याहून जास्त वेळ लागला किंवा धक्का बसला तर किंमत बोलताना गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च वजा करा. थंड गाडीवर ही परीक्षा करू देणारा आणि गरम झाल्यावर 'घाई आहे' म्हणणारा विक्रेता असेल, तर गाडी सोडा.